उणे तीस अंशांत झाडं मरत का नाहीत?

सईची बाग

नमस्कार मंडळी. मी मूळची तासगावची, आता मिनेसोटात सेंट पॉलजवळ राहते. इथे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात एक जुना शुगर मेपल, हनीक्रिस्प सफरचंदाची दोन कोवळी झाडं आणि कुंपणावर फ्रॉन्टेनॅक जातीच्या द्राक्षाचा वेल होता. सगळं आधीच्या घरमालकांच्या हातचं.

ऑक्टोबर लागता लागता एका रात्री पारा ४ अंशांवर आला. (सगळे आकडे सेल्सिअसमध्ये लिहिते.) वाटीतलं पाणीसुद्धा गोठलं नव्हतं, पण सकाळी पायरीवरच्या तुळशीची पानं काळपट पडून लोंबत होती. ती तुळस पुन्हा काही सावरली नाही. पुढे जानेवारीत उणे ३० झालं. मेपलची एक डहाळी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते, पेन्सिलीहून बारीक. तिच्यात ऊब धरून ठेवायला काय असणार? ती आतबाहेर उणे ३० अंशच असणार. आणि मे महिन्यात त्याच डहाळीला पालवी फुटली.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. पाणी गोठताना फुगतं, काचेची बाटली फोडतं. ओल्या लाकडात तर पाणी भरपूर असतं. मग पेशी का फुटत नाहीत? झाडात गोठू न देणारं काही द्रव्य असतं का? तुळशीला ४ अंश सोसले नाहीत आणि मेपलला उणे ३० सोसले, हा फरक नेमका कशात आहे? पाइन तर हिरवेच्या हिरवे उभे असतात, ते कसं?

आणखी एक. कडाक्याच्या थंडीत एका रात्री अंगणातून कडकन मोठा आवाज आला. शेजारच्या आजी म्हणाल्या, झाड तडकलं. सकाळी मेपलच्या खोडावर उभी चीर दिसली. झाड वाचेल ना? आणि पुढच्या हिवाळ्याआधी सफरचंदांसाठी काय करून ठेवू?

रानवारा

सई, मी ओंटारिओत असतो. आमच्याकडे मार्चमध्ये मेपलच्या खोडाला भोक पाडून रस काढतात, त्याचं सिरप करतात. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप मिळतं. वसंतात रस वर चढतो म्हणजे हिवाळ्यात तो मुळांत उतरलेला असणार, असं मला वाटतं. जमीन खाली गोठत नाही, रस तिथे सुरक्षित राहतो. इथले जुने लोकही असंच सांगतात. जाणकारांनी सांगावं.

भोजपत्र

सई, वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीतच लिहिते. माझं शिक्षण पुण्यात वनस्पतिशास्त्रात झालं आणि गेली बरीच वर्षं मी मिनेसोटातच एका रोपवाटिकेत झाडं वाढवते. माझ्या पोटापाण्याचा निम्मा भाग याच प्रश्नावर उभा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहू दे.

आधी रानवारा यांच्या मुद्द्याबद्दल. रस मुळांत उतरतो हे मीही पुष्कळ जणांकडून ऐकलंय, पण तसं होत नाही. जानेवारीत एखादी डहाळी कापून घरात आण, तासाभराने सालीवर नख ओढ. आतला भाग हिरवा आणि ओलसर लागेल. पाणी तिथेच असतं. मार्चमधला रस वाहतो तो रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं या खेळामुळे. रात्री गोठताना लाकडात वायू दाबला जातो आणि पाणी ओढून घेतलं जातं, सकाळी वितळल्यावर दाब सुटतो आणि भोकातून रस बाहेर येतो. रात्री गोठलं नाही तर रस येत नाही, हे तुमच्याकडच्या सिरपवाल्यांना पक्कं ठाऊक असेल. त्या रसात साखर असते २ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा साखरेने गोठणबिंदू अंशाच्या थोड्याशाच भागाने खाली जातो. म्हणजे 'रसातली साखर झाडाला गोठू देत नाही' एवढ्यावर उणे ३० चं उत्तर मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट. झाड गोठतं. सई, तुझ्या खिडकीसमोरच्या डहाळीत जानेवारीत बर्फ होता, भरपूर होता. प्रश्न एवढाच की तो कुठे होता. जिवंत पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले तर पेशी मेलीच, त्याला कुठल्याही झाडाकडे इलाज नाही. म्हणून थंडी सोसणारी झाडं बर्फ पेशीच्या बाहेर होऊ देतात. पेशींच्या मधल्या फटींत आणि भिंतींत जे पाणी असतं ते जास्त शुद्ध असतं, त्यामुळे ते आधी गोठतं, उणे २, उणे ५ अंशांना. आणि बर्फ एकदा तयार झाला की तो पेशीच्या आतलं पाणी बाहेर खेचू लागतो. पाणी पेशीआवरणातून पाझरून बाहेर येतं आणि बाहेरच्याच बर्फात जाऊन मिसळतं. आत उरतो तो दाट, साखरेचा, प्रथिनांचा अर्क. पारा जितका खाली, तितकं जास्त पाणी बाहेर, तितका आतला अर्क दाट आणि गोठायला अवघड. तू तासगावची आहेस, म्हणून सांगते : द्राक्षाचा बेदाणा होतो तशी ती पेशी सुकत, सुरकुतत जाते. फुटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण फुगणारा बर्फ तिच्या बाहेर आहे.

म्हणजे थंडी सोसणं हे झाडाच्या दृष्टीने बरंचसं कोरडेपणा सोसणं आहे. आणि ते सोपं नसतं. पाणी गेलं की पेशीआवरणं एकमेकांना चिकटून फाटायला बघतात, प्रथिनं आकार सोडायला लागतात. याची तयारी झाड आधीपासून करतं. साठवलेल्या पिष्टाची साखर करतं. ही साखर गोठणं थोडं पुढे ढकलते, पण तिचं मोठं काम पाणी गेल्यावर प्रथिनांना आणि आवरणांना सांभाळायचं. डिहायड्रिन नावाची प्रथिनंही याच कामाला लागतात. पेशीआवरणातले स्निग्ध पदार्थ झाड बदलून टाकतं, थंडीत थिजणारे कमी करतं आणि मऊ राहणारे वाढवतं. इथेच तुझ्या तुळशीचं उत्तर आहे. तुळस उष्ण प्रदेशातली. ४ अंशांत बर्फ होत नाही, पण तिची पेशीआवरणं थिजतात, गळू लागतात, आतला सगळा कारभार विस्कटतो. जळगावकडे केळीला थंडीचा फटका बसतो तोही याच जातीचा. तिथे काही गोठलेलं नसतं. तुळशीने, केळीने कधी हिवाळ्याची तयारी करायला शिकलेलंच नाही.

या तयारीला मर्यादा किती असते? १९६० मध्ये जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या अकिरा साकाई यांनी हिवाळ्यातल्या काही झाडांच्या डहाळ्या आधी हळूहळू उणे ३० पर्यंत थंड केल्या आणि मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवल्या, म्हणजे उणे १९६ अंश. त्या जगल्या. एकदा पेशीतलं गोठण्याजोगं पाणी सगळं बाहेर गेलं की मग आणखी थंडीने काही बिघडत नाही. आपल्या मिनेसोटा विद्यापीठातले कॉनरॅड वायझर यांनी याच विषयावर १९७० च्या सुमारास लाल काड्यांच्या डॉगवूडवर मोलाचं काम केलं. बर्फात लाल काड्यांची झुडपं दिसतात ना ओढ्याकाठी, दलदलीत, तीच. जुलैतली डॉगवूडची काडी शून्याखाली थोडी गेली तरी मरते. तीच काडी जानेवारीत द्रवरूप नायट्रोजनमधून जिवंत बाहेर येते. झाड तेच, काडी तीच, फरक फक्त महिन्यांचा.

म्हणून माझं म्हणणं असं असतं, हिवाळा झाडाच्या दृष्टीने ऑगस्टमध्ये सुरू होतो. जूनमध्ये आपल्याकडे साडेपंधरा तासांचा दिवस असतो. ऑगस्टमध्ये रात्री लांबू लागल्या की पानांना ते कळतं. हवेत अजून उकाडा असतो, आपण अर्ध्या बाहीत फिरत असतो, आणि मेपलने शेंड्याची वाढ थांबवून कळ्या बंद केलेल्या असतात. हा पहिला टप्पा. दुसरा टप्पा थंड पण न गोठणाऱ्या रात्रींचा, साधारण शून्य ते पाच अंश. तिसरा पहिल्या खऱ्या गोठण्याचा, त्यानंतर काटकपणा भराभर वाढतो. रस्त्यावरच्या दिव्याजवळच्या फांदीची पानं उशिरापर्यंत हिरवी राहिलेली तू पाहिली असशील. तिला रात्र लांबल्याचं नीट कळत नाही. मला अशा फांद्यांची काळजी वाटते.

मेपल, ओक, सफरचंद यांच्याकडे आणखी एक वेगळी युक्ती आहे, आणि मला ती फार अद्भुत वाटते. त्यांच्या लाकडातल्या काही जिवंत पेशींच्या भिंती इतक्या घट्ट असतात की पाणी बाहेर जाऊ शकत नाही. मग तिथलं पाणी गोठतच नाही. द्रवच राहतं, उणे २०, उणे ३०, उणे ३५. बर्फाला सुरुवात व्हायला एखादा कण, एखादा स्फटिक लागतो. तो बाहेरून आत शिरू दिला नाही तर पाणी जवळजवळ उणे ४० पर्यंत द्रव राहू शकतं. त्याखाली मात्र पाणी आपलं आपण गोठतं, पेशीच्या आत, आणि पेशी मरते. उत्तर अमेरिकेत अशा बऱ्याच रुंद पानांच्या झाडांची उत्तरेची हद्द जिथे पारा उणे ४० च्या खाली जातो त्या पट्ट्याशी जुळते, ती यामुळेच. आपल्या राज्याच्या उत्तरेला टॉवर गावी २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ५१ नोंदवलं गेलं. तिकडच्या जंगलात बर्च, अ‍ॅस्पेन, टॅमरॅक, स्प्रूस यांचं राज्य आहे. बर्च आणि अ‍ॅस्पेन ही युक्ती वापरत नाहीत, सगळ्या पेशी सुकवण्याचाच मार्ग धरतात, आणि त्या मार्गाला उणे ४० चा अडसर नाही. आपला हिमालयातला भोजवृक्ष म्हणजे बर्चच, माझं इथलं टोपणनाव त्या कुळावरून घेतलंय.

ती चीर. कडक थंडीत खोडाचा बाहेरचा भाग आतल्या भागापेक्षा आधी आणि जास्त आकसतो, ताण वाढत जातो आणि लाकूड उभं फाटतं. बहुतेक वेळा तिथे आधीची एखादी जुनी जखम असते. उन्हाळ्यात चीर मिटते आणि झाड कडेने साल वाढवून ती झाकू लागतं. हिवाळ्यात पुन्हा उघडू शकते. वाचेल तुझा मेपल. चिरेत डांबर, रंग, सिमेंट काही भरू नकोस, ज्याने त्याने सुचवलं तरी. झाड स्वतः बुजवतं ते उत्तम.

पाइनबद्दल थोडक्यात. सुया हिरव्या दिसतात, पण हिवाळ्यात अन्न बनवणं जवळपास बंद असतं. पडणारं ऊन हरितद्रव्याला जाळू नये म्हणून ती ऊर्जा उष्णता करून सोडून द्यायची सोय सुया करून ठेवतात. वर मेणाचा जाड थर, पाणी वाया जाऊ नये म्हणून. आणि त्यांच्या जलवाहिन्या अगदी अरुंद असतात. लाकडातलं पाणी गोठलं की त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते. अरुंद नळीत बुडबुडा इवलासा राहतो आणि वितळताना परत विरघळतो. ओकच्या रुंद नळ्यांत तो मोठा होऊन नळी कायमची निकामी करतो. म्हणून ओकला दर वसंतात आधी नव्या नळ्या बांधाव्या लागतात, मग पानं. ओक उशिरा पालवतो याचं एक कारण हे आहे.

सफरचंदांचं उद्या लिहिते, त्यात कामाच्या गोष्टी आहेत, घाईत नको.

उगावचा द्राक्षवाला

भोजपत्र ताई, फार सुंदर समजावलंत. मी निफाड तालुक्यातला, द्राक्षबाग आहे. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पेपरला येतंच, निफाडला दवबिंदू गोठले. आमच्यासाठी ती बातमी नसते, पहाटेची पळापळ असते. मणी पाणी उतरायच्या अवस्थेत आले, म्हणजे मऊ पडू लागले, की अशा थंडीत तडकतात. एका रात्रीत वर्षाचा माल जातो. फुगवण थांबते ते वेगळंच. आम्ही पहाटे ठिबक सुरू करतो, बांधाबांधाने शेकोट्या करून धूर करतो.

माझा प्रश्न असा. सईताईंच्या कुंपणावरचा वेलही द्राक्षच. तो उणे ३० काढतो आणि आमची बाग ४-५ अंशांना हतबल होते. ती जात कुठली? इकडे लावून काही उपयोग होईल का? आणि पाणी आणि धूर यातलं खरं काम कोण करतं?

भोजपत्र

दादा, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. सई, सफरचंदाआधी यांना उत्तर देते, तुझ्या वेलाचंही त्यात येईल.

जातीचा फरक आहेच. फ्रॉन्टेनॅक मिनेसोटा विद्यापीठाने १९९६ मध्ये प्रसारित केली. तिच्या एका बाजूला इथल्याच नदीकाठचं रानद्राक्ष आहे, व्हिटिस रिपारिया, जे जॉर्डन गावाजवळ सापडलं होतं. दुसऱ्या बाजूला फ्रेंच संकरित जात. तुमच्याकडची थॉमसन युरोपीय व्हिटिस व्हिनिफेरातली, तिचे डोळे, म्हणजे काडीवरच्या मिटलेल्या कळ्या, पूर्ण झोपेत असले तरी उणे २० च्या आसपास मरू लागतील. पण तुमच्या अडचणीचं मूळ जातीत नाही. डिसेंबरात तुमचा वेल जागा असतो. ऑक्टोबर छाटणी करून तुम्ही त्याला उठवलेलं असतं, त्याच्यावर हिरवी पानं, भरलेले घड असतात. सईचा वेल त्याच दिवशी नागडा, तपकिरी, पाणी कमी केलेला, डोळे मिटलेला असतो. तो वेल जूनमध्ये उणे ३ अंशांत उभा केला तर कोवळी फूट काळी पडेल. म्हणून फ्रॉन्टेनॅक नाशकात लावून थंडीचा प्रश्न सुटणार नाही. शिवाय ती वाइनची, बारीक काळ्या मण्यांची, आंबट द्राक्षं, तुमच्या बाजाराची नव्हेत.

तुम्ही छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करता ना, म्हणजे ते औषध डोळ्यांना लावता? ते करावं लागतं कारण नाशकाचा हिवाळा वेलाला झोपेतून बाहेर काढण्याइतका थंड नसतो. झोपलेल्या डोळ्याला शून्य ते सात-आठ अंशांचे ठरावीक तास मिळाले की मगच तो आतून मोकळा होतो. इथे ते तास निसर्ग देतो, तुमच्याकडे औषध त्याची जागा घेतं. मला ही तुलना फार शिकवणारी वाटते, कारण थंडी म्हणजे नुसती आपत्ती नाही, समशीतोष्ण झाडाला ती लागतेच.

मणी तडकतात ते गोठून नव्हे. रात्री हवा थंड आणि दमट असते, पानांतून पाणी उडत नाही, मुळं मात्र पाणी वर देत राहतात, आणि मऊ पडू लागलेल्या मण्याची साल तो दाब पेलू शकत नाही. म्हणून पहाटेच्या पाण्याबद्दल जपून. विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं आणि ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरते, रात्री हळूहळू सोडते. हे खरं आहे आणि उपयोगी आहे. पण ते मोजकं आणि नियमित असावं. कोरड्या पडलेल्या बागेला थंडीच्या रात्री एकदम भरपूर पाणी म्हणजे तडकायला निमंत्रण. धुराचं म्हणाल तर त्याने जमिनीची ऊब फारशी अडत नाही. शेकोटीची प्रत्यक्ष आच आणि हवेची हालचाल, जे काही होतं ते त्याने. माझं मत विचाराल तर मोठ्या धुरापेक्षा लहान लहान पुष्कळ शेकोट्या बऱ्या.

हिमवाट

मध्येच लिहितोय, पण भोजपत्र हे नाव बघून राहवलं नाही. गंगोत्रीहून गोमुखला जाताना आधी चिडबासा लागतं, मग भोजबासा, साधारण ३८०० मीटरवर. नाव भोजवृक्षांवरून, पण जळणासाठी तोडून तोडून तिथे फार थोडे उरले. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी तिथे पुन्हा भोजवृक्ष लावण्याचं काम केलंय. मी बर्फात वाकून जमिनीला टेकलेले भोजवृक्ष पाहिलेत आणि बर्फ उतरल्यावर तेच उभे झालेलेही. ताई, त्या पांढऱ्या सालीचा थंडीशी काही संबंध आहे का?

भोजपत्र

आहे, आणि तुमच्या प्रश्नाने मला सईच्या सफरचंदांकडे यायला वाट करून दिलीत.

हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुपारचं ऊन खोडाच्या नैऋत्येच्या अंगाला पडतं. खाली बर्फ असतो, तोही ऊन परतवतो. हवा उणे १० असली तरी काळपट साल शून्याच्या वर तापते, तिच्या पेशी पाणी परत घेऊन सैल होतात. सूर्य घराआड गेला की ती साल झपाट्याने गोठते. हळू गोठलं तर पाणी बाहेर जायला वेळ मिळतो, झपाट्याने गोठलं तर मिळत नाही. बर्फ आतच होतो आणि पेशी मरतात. वसंतात त्या बाजूची साल खचलेली, मेलेली दिसते. बर्चची पांढरी साल ऊन परतवते, तिला हा त्रास कमी होतो. भोजवृक्षाचंही तसंच असावं, उंचावरचं ऊन तर फारच कडक.

सई, म्हणून हे कर. सफरचंदांच्या खोडांना नोव्हेंबरात पांढरी संरक्षक नळी किंवा पांढरी कागदी पट्टी लाव, जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंत. एप्रिलमध्ये आठवणीने काढ, नाहीतर आत ओल आणि कीड राहते. बाहेरून बारीक जाळी बसव, कारण बर्फाच्या थरावर उभे राहून ससे वरची साल खातात आणि बर्फाखालून उंदीर बुंध्याची. इथे कोवळी सफरचंदं थंडीइतकीच दातांनी मरतात.

जुलैनंतर नत्राचं खत देऊ नकोस. उशिरा दिलेल्या खताने झाड सप्टेंबरातही कोवळी फूट काढत राहतं, आणि ती फूट तयारी न झालेली असते. मोठी छाटणीही उन्हाळ्याच्या शेवटी नको. पाणी मात्र जमीन गोठेपर्यंत देत राहा. कोरड्या मुळांनी हिवाळ्यात गेलेलं झाड मार्चच्या उन्हात सुकतं, आणि गोठलेल्या जमिनीतून त्याला पाणी ओढता येत नाही.

मुळं हा सगळ्यात नाजूक भाग. वरची डहाळी उणे ३५ काढेल, पण सफरचंदाची मुळं उणे १० च्या आसपासच मरू लागतात. ती जगतात ती जमिनीच्या आणि बर्फाच्या पांघरुणामुळे. वर ढोपरभर बर्फ असला की खाली माती शून्याच्या जवळपासच राहते, हवेत काहीही असो. बर्फ न पडता कडाका आला तर मात्र धोका. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी बुंध्याभोवती वीतभर लाकडी भुसा किंवा पेंढा पसर, खोडाला चिकटू न देता. इथे लसूण ऑक्टोबरात लावून पेंढ्याखाली ठेवतात, तोही याच आधारावर. कुंडीतलं बारमाही झाड बाहेर ठेवायचं असेल तर कुंडी जमिनीत पुरावी लागते, कारण चारही बाजूंनी हवा लागली की मुळांना पांघरूण उरत नाही.

हनीक्रिस्पबद्दल निर्धास्त राहा. तिचा संकर इथेच १९६० मध्ये झाला आणि जात १९९१ मध्ये बाहेर आली. मधल्या काळात तिने इथले किती हिवाळे काढले असतील ते बघ. त्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, मिनेटोंका तळ्याकाठी पीटर गिडियन यांनी बियांपासून रोपं वाढवत, मरणारी मरू देत, शेवटी 'वेल्दी' नावाचं सफरचंद काढलं होतं. त्याला बायकोचं नाव दिलं. मिनेसोटात सफरचंद होतं हे लोकांना त्या झाडाने पटवलं. मला अशा माणसांबद्दल मनापासून आदर आहे.

मला खरी भीती जानेवारीची नसते. भीती वाटते ती उबदार मार्चची. थंडीचे तास पुरे झाले की झाड केवळ उबेची वाट बघत थांबलेलं असतं. काटकपणा कमवायला आठवडे लागतात, गमवायला काही दिवस पुरतात. मिशिगनमध्ये २०१२ च्या मार्चमध्ये उन्हाळ्यासारखी ऊब आली, सफरचंदं लवकर उमलली, एप्रिलमध्ये कडाका पडला आणि राज्यातलं सफरचंदाचं जवळपास ९० टक्के पीक गेलं. झाडं मेली नाहीत, फुलं मेली. उमललेल्या फुलाला उणे २ सुद्धा जड जातं. म्हणून घराच्या दक्षिणेच्या भिंतीला टेकून सफरचंद लावू नये, तिथे ते सगळ्यांत आधी फसतं.

सईची बाग

ताई, सगळं लिहून घेतलं. पांढरी नळी आणि जाळी आजच मागवते. तासगावला बाबांनाही वाचून दाखवलं, ते म्हणाले वेल मार्चमध्ये छाटायचा असेल तर कुठले डोळे जिवंत आहेत ते आधी कसं ओळखायचं ते विचार.

उगावचा द्राक्षवाला

तुमच्या बाबांचा प्रश्न बरोबर आहे. आम्ही ऑक्टोबर छाटणीआधी काडी तपासून घेतो, डोळ्यात घड आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून कुठे छाटायचं ते ठरवतो. तिकडे जिवंत-मेलेला बघायलाही तसंच करत असतील.

भोजपत्र

अगदी तसंच, दादा. फक्त सूक्ष्मदर्शक लागत नाही, धारदार ब्लेड आणि भिंग पुरतं.

सई, मार्चच्या मध्यावर वेलाच्या वेगवेगळ्या भागांतल्या काही काड्या काप आणि एक-दोन दिवस घरात पाण्यात उभ्या ठेव. थेट बाहेरून आणलेला डोळा लगेच कापला तर मेलेला भागही हिरवाच दिसतो, तपकिरी व्हायला त्याला वेळ लागतो. मग डोळा आडवा, पातळ चकत्यांत काप, वरून खाली. मधला मोठा तो मुख्य डोळा, त्याच्या दोन्ही अंगांना दुय्यम आणि तिय्यम. हिरवा म्हणजे जिवंत, काळा-तपकिरी म्हणजे मेला. थंडीत आधी जातो तो मुख्य, दुय्यम बहुधा वाचतो. निसर्गाने तो राखीव ठेवलाय.

बहुतेक मुख्य डोळे हिरवे निघाले तर नेहमीसारखी छाटणी कर. निम्मे काळे निघाले तर काडीवर नेहमीच्या दुप्पट डोळे ठेव. मुख्य काळा आणि शेजारचा हिरवा असेल तरी काडी फेकू नकोस, संकरित जातींच्या दुय्यम डोळ्यांवरही थोडेफार घड येतात. आणि छाटल्यावर कापातून पाणी ठिबकायला लागलं तर घाबरू नकोस, मुळं जागी झाली आहेत इतकंच. कापांना काही लावायची गरज नाही.